दुःखाची गोधडी

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 9:36–42



पावणे येथें कारखान्यांत काम करणारा एक बंधु प्रभूकडे गेला, तेव्हां त्याच्या पत्नीचें सांत्वन करावयास मी गेलों होतों. खुंटीवर त्याचा कामावरचा खाकी सदरा तसाच होता. "ताई, हे कपडे लवकर देऊन टाका, पाहून पाहून दुःख वाढतें," असा उपदेश मीं केला, व तिनें तो मानला. वर्षानंतर ती मला म्हणाली, "पाळकसाहेब, आतां घरांत त्यांचा एक धागाही उरला नाहीं." त्या दिवसापासून आजचा पाठ मला निराळा दिसूं लागला.

1. यापो येथील विधवा. टबीथा मेली. पेत्र माडीवर आला, तेव्हां विधवा रडत रडत तिनें शिवलेलीं वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. त्यानें सर्वांस बाहेर पाठवून प्रार्थना केली हें खरें. परंतु रडल्याबद्दल किंवा वस्त्रें जपल्याबद्दल त्यानें त्यांस दोष दिला नाहीं. मीं मात्र दिला.

2. आलाबामांतील एक विधवा. अमेरिकेंतील आलाबामा संस्थानांत, नदीच्या वळणावर, जीज बेंड नांवाची कृष्णवर्णी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज तेथील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते; पेटवे हें मळेवाल्याचें आडनांवच पुष्कळ घराण्यांस चिकटलें. 1932 सालीं कर्जाच्या वसुलीकरितां त्यांचीं गुरें, अवजारें व धान्यही ओढून नेण्यांत आलें. अशा वस्तींत 1942 सालीं मिसूरी पेटवे हिनें, नवरा वारल्यावर, त्याचे कामावरचे विटके कपडे एकत्र केले. मुलीला मदतीस घेऊन तिनें ते फाडले, तुकडे जोडले व त्यांची गोधडी केली; हेतु हा कीं, त्याची आठवण राहावी व त्याची माया पांघरतां यावी. येथें दुःखाला तीन गोष्टी मिळाल्या : हातांना काम, जवळ बसणारें माणूस, आणि आठवणीला ठिकाण. 2002 सालापासून या वस्तींतील गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. पण ही गोधडी प्रदर्शनासाठीं नव्हे, पांघरण्यासाठीं शिवली होती.

3. आपल्या शेजारचे सिद्दी. आफ्रिकेच्या लोकांचें हें दुःख केवळ परदेशचें नव्हे. पोर्तुगिजांनीं गोव्यांत आफ्रिकेंतून गुलाम आणले. त्यांतील कित्येक पळून घाटांतल्या रानांत शिरले. अशांचे वंशज सिद्दी लोक उत्तर कानडा जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत राहतात. त्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. परंतु तिन्ही घरांतील बाया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. टांका कडेपासून सुरू होतो व फिरत फिरत मध्यापर्यंत जातो. शेवटीं कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांचीं फुलें लावतात. त्यांवांचून कवंदी उघडी राहिली असें त्या समजतात. ज्यांचा गांव व मूळ भाषा गुलामगिरीनें हिरावली, त्यांच्या लेकी चिंधीलाही असा मान देतात.

4. बोध. गोधडी मेलेल्यास उठवीत नाहीं, व अन्यायही मिटवीत नाहीं. जीज बेंडचे लोक 1965 सालीं मताचा हक्क मागावयासही निघाले. तरी दबलेलें दुःख माणसाला आंतून पोखरतें, आणि हातांतून उतरलेलें दुःख चारचौघांस पाहतां येतें व वांटून घेतां येतें. आपल्या घरोघरीं आजीच्या लुगड्याची गोधडी आहे. ही विद्या आपणांस नवी नाहीं. यास्तव शोकाच्या घरीं गेल्यावर उपदेशाची घाई करूं नये. "त्यांचें कांहीं जपून ठेविलें आहे काय? मला दाखवा," असें म्हणावें. बहिणींनीं सुईदोरा घेऊन जवळ बसावें. रडूं आलें तर येऊं द्यावें. त्या ताईची मीं क्षमा मागितली. तिनें केली, पण तो सदरा कांहीं परत आला नाहीं.

विचारासाठीं प्रश्न
1. पेत्रापुढें विधवांनीं वस्त्रें कां ठेविलीं?
2. आपल्या मंडळींत असें कोणाचें दुःख आहे, कीं जें आपण अजून पाहिलें नाहीं?
3. या आठवड्यांत त्याच्याजवळ कोण जाऊन बसेल?