पावतीवर किती, पिशवीत किती?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला बसले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते आले, सचिव ताईंनी रजिस्टर वाचून दाखवलं. एका ताईंच्या नावापुढे १०० रुपये कमी लागले होते. त्या लगेच म्हणाल्या, "माझं पासबुक बघा, मी भरलेत." पासबुक काढलं, ताळा केला, चूक सापडली, दुरुस्त झाली. पाच मिनिटांचं काम. कुणी कुणावर रागावलं नाही.

बैठक उठता उठता त्याच ताई म्हणाल्या, "मॅडम, रेशनवर आम्हाला चारच माणसांचं धान्य मिळतंय. घरात आम्ही पाच जण. विचारलं तर वरूनच कमी आलंय म्हणतो."

मी विचारलं, पावती आहे का? नव्हती. कधी मागितलीच नव्हती. १०० रुपयांसाठी पासबुक पुढे करणारी बाई दर महिन्याच्या ५ किलोसाठी कागद मागत नाही, याचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, आपण गटाचं रजिस्टर वाचायला शिकवलं, सरकारचं रजिस्टर वाचायला कुणी शिकवलंच नाही. या अंकात तेच बघूया.

सरकारचंही रजिस्टर असतं. कुणाच्या कार्डावर किती नावं, कुणाला किती धान्य दिलं, गावाला किती निधी आला, तो कशावर गेला, सातबाऱ्यावर कुणाचं नाव, सगळ्याच्या नोंदी असतात. आधी ती बाडं तालुक्याच्या कपाटात असायची. आता बरीचशी मोबाईलवर दिसतात, आणि ती बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी रेशनचं घेऊ, कारण ते प्रत्येकीच्या चुलीशी जोडलेलं आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोन प्रकारची कार्डं येतात. अंत्योदय कार्ड असेल तर घरात माणसं कितीही असोत, महिन्याला कुटुंबाला ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी ५ किलो. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण मधूनमधून बदलतं, पण एकूण किलो बदलत नाहीत. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. म्हणजे प्राधान्य कार्डावर पाच नावं असली की २५ किलो, आणि एक रुपयाही द्यायचा नाही. हे गणित प्रत्येकीला तोंडपाठ पाहिजे. "आमचं किती बसतं गं?" असं शेजारणीला विचारायची वेळ येऊ नये.

आता ताळा कसा करायचा? अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते. त्यावर किती धान्य दिलं ते छापलेलं असतं. ती मागून घ्यायची. पावती दिलीच नाही तरी हरकत नाही, कारण अंगठा लावला की नोंद वर जाते. आपल्या रेशनकार्डाला १२ अंकी ऑनलाइन नंबर असतो. अन्न विभागाच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की कार्डावर कुणाकुणाची नावं आहेत आणि कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं ते दिसतं. 'मेरा राशन' या ॲपवरही दिसतं. स्वतःला जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटात काढून देते.

त्या ताईंचं आम्ही तिथेच बैठकीत काढलं. कार्डावर पाच नावं. महिन्याची उचल २५ किलो. पिशवीत २० किलो. सगळ्या जणी गप्प झाल्या.

पुढच्या वाटपाला आम्ही सहा जणी गेलो. एकटीला पाठवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कारण दुकानदार गावातलाच, उद्या त्याच्याच दारात जायचं असतं. भांडण केलं नाही. मोबाईल पुढे धरला आणि ताई म्हणाल्या, "भाऊ, इथं पंचवीस दिसतंय." त्या महिन्यापासून पंचवीस मिळतंय. मागचं मिळालं नाही, ते मी लपवत नाही. तक्रार करायची असेल तर १९६७ हा रेशनचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि दुकानावर लक्ष ठेवायला दक्षता समिती नेमायची हे कायद्यातच आहे. आपल्या गावच्या समितीत कोण आहेत, एकदा विचारून बघा. काही ठिकाणी समितीतल्या बाईलाच माहीत नसतं की ती समितीत आहे!

पण दरवेळी दुकानदारच चोर असतो असं नाही. दुसऱ्या एका घरी सात माणसं आणि ऑनलाइन पाचच नावं निघाली. सून आणि नातू चढलेच नव्हते. अर्ज केला होता. तालुक्याला विचारलं तर उत्तर आलं, "इष्टांक पूर्ण झाला आहे." हा शब्द तुम्हीही ऐकला असेल. त्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे.

इष्टांक म्हणजे ठरवून दिलेला आकडा. कायदा म्हणतो की देशातल्या ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांना हे धान्य द्यायचं. राज्याराज्याचा टक्का वेगळा, आपल्या महाराष्ट्राला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के मिळाला. पण टक्के कशाचे? २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येचे. तेव्हा महाराष्ट्रात ११ कोटी २३ लाख माणसं होती, त्यावरून राज्याचा आकडा साधारण ७ कोटींवर बांधला गेला. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती झालीच नाही. आता मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. मधल्या काळात लग्नं झाली, सुना आल्या, लेकरं जन्मली, आकडा मात्र तिथेच. म्हणून कुणाचं नाव कमी झालं तरच दुसऱ्याचं चढतं. त्या घरातली सून कागदावर पात्र आहे, फक्त मोजणीच्या नंतर या घरात आली.

मी शिकत असताना जनगणना हा विषय परीक्षेपुरता वाचला होता. त्याचं वजन मला त्या घरी बसल्यावर कळलं. तेव्हा मोजणीला माणूस दारात येईल तेव्हा "नंतर या" म्हणू नका. आणि एक कळकळीची विनंती. "घरातल्या बायका काय करतात?" असं विचारलं की आपणच पटकन म्हणतो, "काही नाही, घरीच असते." सकाळी म्हशीची धार काढून, दुपारी खुरपायला जाऊन, संध्याकाळी पापड लाटणारी बाई 'काही नाही' कशी? आपण सांगितलं नाही तर काम करणाऱ्यांच्या आकड्यात आपण येत नाही. मग बायकांसाठी योजना आखणाऱ्याला वाटतं की या गावात कामकरी बाया थोड्याच आहेत.

हे सगळं मोबाईलमुळे आपोआप उघडं झालं असं समजू नका. यासाठी माणसं उन्हात बसली आहेत. राजस्थानात राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचं गाव आहे. तिथे १९९० मध्ये मजूर आणि छोट्या शेतकऱ्यांनी 'मजदूर किसान शक्ती संघटन' सुरू केलं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यातली मंडळी. दुष्काळी कामावर राबायचं आणि मजुरी मात्र ठरल्यापेक्षा कमी मिळायची. विचारलं तर उत्तर, हजेरीपत्रकात तुमचं काम कमी भरलंय. दाखवा म्हटलं तर हजेरीपत्रक गुप्त! डिसेंबर १९९४ पासून त्यांनी जनसुनवाई घ्यायला सुरुवात केली. मिळवलेली हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची. मेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी काढलेली निघाली, जे कामावर गेलेच नाहीत त्यांच्या सह्या निघाल्या. अक्षर ओळख नसलेल्या बायासुद्धा उभ्या राहून म्हणाल्या की हे खोटं आहे. १९९६ मध्ये ब्यावर शहरात ४० दिवस धरणं झालं. घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. अशा लढ्यांतूनच २००५ चा माहिती अधिकार कायदा देशभर आला.

आता आपल्या ग्रामपंचायतीकडे येऊ. 'ई-ग्रामस्वराज' हे केंद्राचं संकेतस्थळ २०२० मध्ये सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की आराखड्यात कोणती कामं धरली आणि कशावर किती खर्च पडला ते दिसतं. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के 'बंधित' होते, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्चायचे, आणि ४० टक्के 'अबंधित', गावाच्या गरजेप्रमाणे. गावाला १० लाख आले असतील तर ६ लाख पाणी आणि स्वच्छतेचे. तुम्ही अजून दोन हंडे डोक्यावर आणत असाल तर हा प्रश्न विचारायचा हक्क तुमच्याइतका कुणाचाच नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात, तेही विचारा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती आपल्याकडे बऱ्याचदा फक्त सह्यांच्या वहीत होते.

इथे एक सावधगिरी. ऑनलाइन दिसतं ते खरंच असतं असं नाही. नोंद माणूसच करतो. 'गटार बांधकाम, पूर्ण' असं लिहिलेलं असतं आणि गल्लीत पाणी तुंबलेलं असतं. तालुक्याच्या साहेबाला ते कळत नाही, तुम्हाला रोज ओलांडताना कळतं. वाचलेलं आणि पाहिलेलं जुळतंय का, एवढंच तपासायचं.

जे ऑनलाइन सापडत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर तोही नाही. एका अर्जात एकच विषय. "असं का केलं?" असं विचारू नका, "कामाच्या बिलाची प्रत द्या" असं मागा, कारण कागद मागितला तर कागद मिळतो. ३० दिवसात उत्तर यायला हवं, नाही आलं तर अपील करता येतं. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

आणि गावाचा हिशोब उघडा असला तरी तुमचा आधार नंबर, बँक खातं, मोबाईलवर आलेला ओटीपी ही तुमची खासगी माहिती आहे. "योजनेत नाव घालतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. रेशनची नोंद किंवा पंचायतीचा खर्च नुसता बघायला बँक खात्याची माहिती कधीच लागत नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने रेशनकार्ड आणि शेवटची पावती आणायची आहे. कार्डावरची नावं, पावतीवरचे किलो आणि घरी आलेले किलो असे तीन रकाने रजिस्टरच्या मागच्या पानावर आखून ठेवा. सीआरपी ताईंनी ते ग्रामसंघाच्या बैठकीला आणायचे. ज्यांची पावती नसेल त्यांनी आजच मागून घ्या.