दिव्यासमोरचे अंडे

चि. ताईस,

तुझे पत्र परवा पोचले. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडी धरून आतला जीव हलतो की नाही ते पाहायचे, हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखायची, आयोडिन लावून कवचाला भोक पाडायचे आणि विषाणू टोचून झाल्यावर ते मेणाने बुजवायचे, यापलीकडे सहा महिन्यांत हाती काही आले नाही, तेव्हा ही शाखा सोडून रोगप्रतिकाराच्या मूलभूत प्रश्नांकडे वळावे, असे तुझ्या मनात येते. वळण्यास माझी हरकत नाही. परंतु हातांचे काम आणि बुद्धीचे काम यांच्यामध्ये तू जी भिंत उभी केली आहेस ती मला मान्य नाही, आणि म्हणूनच मेलबर्नच्या मॅकफर्लेन बर्नेट यांची हकीकत आज सविस्तर लिहितो.

1928 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग या गावी घटसर्पाची लस टोचलेल्या 21 मुलांपैकी 12 मुले दगावली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि जंतूंचा तपास 28 वर्षांच्या बर्नेट यांच्याकडे आला. एकाच बाटलीतून पुन्हापुन्हा लस काढली जात होती, तीत जंतुनाशक घातलेले नव्हते, आणि आत स्टॅफिलोकोकस वाढला होता. (आपल्याकडेही 1902 साली परळहून पंजाबातील मुलकोवालला गेलेल्या प्लेगच्या लसीच्या एका बाटलीमुळे 19 माणसे धनुर्वाताने गेली आणि ती लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यातून निर्दोष ठरायला त्यांना काही वर्षे लागली. लसीच्या बाटलीला हात लावताना ही दोन गावे तुला आठवावीत, अशी माझी फार इच्छा आहे.) अहवाल दप्तरी दाखल झाला म्हणजे सरकारी काम संपले, बर्नेट यांचे संपले नाही. त्या जंतूचे विष निर्वीर्य करून ते सशांना टोचीत राहिले आणि रक्तातील प्रतिपिंडे मोजीत राहिले. दुसऱ्या टोचणीनंतर ती अशा दुपटी-चौपटीच्या हिशेबाने वाढत, की शरीरात कोणती तरी सजीव वस्तू स्वतःच वाढत असली पाहिजे, ही शंका त्यांच्या मनात घर करून बसली.

त्या शंकेचे उत्तर मिळण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि त्यांतला मोठा काळ तू ज्या कामाला कंटाळली आहेस त्याच कामात गेला. लंडनच्या मुक्कामात 1932-33 साली कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवण्याची रीत त्यांनी आत्मसात केली आणि परतल्यावर इन्फ्लुएंझाच्या अभ्यासासाठी ती स्वतःच्या हाताने राबवली. 1944 मध्ये मेलबर्नच्या आपल्या संस्थेचे संचालकपद आल्यावरही टेबल सोडले नाही. हार्वर्डचे आमंत्रण आले तेही नाकारले. आपले कोणते व परके कोणते हे शरीर जन्मापूर्वीच शिकत असावे, हा तर्क त्यांनी 1949 मध्ये सहकारी फेनर यांच्यासह मांडला, तोही पडताळून पाहिला अंड्यांतच, आणि प्रयोग फसला. फसला तो फसला म्हणून त्यांनी छापला. पुढे 1953 साली मेदावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर तो तर्क खरा करून दाखवला आणि 1960 चे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेदावर या दोघांना मिळून मिळाले.

सशांच्या रक्तातली ती जुनी शंका 1957 साली फळाला आली. प्रतिपिंडे बनवणारी प्रत्येक पेशी आपल्या एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचा साचा आधीपासून बाळगून असते, आगंतुक पदार्थ फक्त जुळणारी पेशी निवडतो, आणि मग त्या एकीचीच संतती वाढते, असे त्यांनी एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकात अगदी थोड्या पानांत लिहिले. त्याच सुमारास विषाणूंसाठी नावाजलेली आपली संस्थाही त्यांनी रोगप्रतिकारशास्त्राकडे वळवली. तुला जे वळण घ्यायचे आहे ते त्यांनीही घेतले, ताई. परंतु कंटाळून नव्हे, हाताखालच्या प्रश्नानेच त्यांना तिकडे नेले.

आता एक गोष्ट माझी, जी मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. उमेदवारीच्या काळात एका तुकडीतले पाच उंदीर मरावयास हवे होते, ते मेले नाहीत. साहेबांना दाखवायची घाई होती, म्हणून मी रोजनाम्यात ‘टोचणीतील कसूर’ असे लिहून मोकळा झालो आणि उंदीर नष्ट केले. टोचणी मीच केली होती आणि तीत कसूर नव्हती, हे मला त्याही दिवशी ठाऊक होते. ते का जगले, हे विचारण्याची संधी पुन्हा आली नाही.

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, एक वाक्य आहे: मागच्या आठवड्याच्या तुकडीत तीन अंडी जिवंत राहिली, ती मोजणीत धरली नाहीत. ती कोणत्या कोंबड्यांची, कोणत्या दिवशी आली, टोचण्यापूर्वी किती दिवसांची होती, उबवणीच्या पेटीत कोणत्या फळीवर होती, हे सारे आठवते तोवर आजच वहीत उतरवून ठेव, आणि त्याच ठिकाणची अंडी पुन्हा मागवून तीच मात्रा पुन्हा टोच. दिवाळीला येशील तेव्हा वही बरोबर आण. आपण दोघे माडीवर बसून पाहू.

तुझा,
मामा