गुदाशयाचा कर्करोग : किरणोपचारानंतर शस्त्रक्रिया केव्हा ?

कर्करोगाची गाठ आढळली की ती तत्काळ कापून काढावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तेथील गाठ आसपास बरीच वाढलेली असेल तर पुष्कळदा आधी किरणोपचार व रसायनोपचार एकत्र देतात, आणि ते संपल्यावरही डॉक्टर काही आठवडे शस्त्रक्रिया करीत नाहीत. मी शस्त्रवैद्य नव्हे, प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु माझ्या एका आप्तांच्या आजारात घरातील साऱ्यांना याच थांबण्याची धास्ती वाटली होती. गाठ आत असताना स्वस्थ कसे बसायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पेशीविज्ञानात सापडते, म्हणून तो विषय येथे मांडतो.

प्रथम उपचाराचे स्वरूप पाहू. आठवड्यातून ५ दिवस, सुमारे साडेपाच आठवडे, रोज १.८ ग्रे याप्रमाणे साधारणतः ४५ ते ५०.४ ग्रे किरणमात्रा देतात. सोबत फ्लुरोयुरॅसिल शिरेतून किंवा कॅपेसिटाबीनच्या गोळ्या देतात. त्यामुळे गाठीवर किरणांचा परिणाम वाढतो. किरणांनी पेशीतील डी.एन.ए.चे धागे तुटतात. तरी अशी पेशी बहुधा लगेच मरत नाही. विभाजनाचा प्रयत्न करताना, कधी एक-दोन विभाजनांनंतर मरते. मृत पेशींचा निचरा होण्यासही वेळ लागतो. म्हणूनच किरण देणे थांबल्यावरही गाठ कित्येक आठवडे आकसत राहते.

मग थांबावे तरी किती ? फ्रान्समधील लिऑन येथे १९९१ ते १९९५ या काळात २०१ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडण्यात आले. अशी विभागणी आवश्यक असते. कारण एरवी अशक्त किंवा मोठी गाठ असलेले रुग्णच अधिक थांबतील आणि तुलना फसेल. किरणोपचारानंतर एका गटाची शस्त्रक्रिया २ आठवड्यांच्या आत, तर दुसऱ्याची ६ ते ८ आठवड्यांनी ठरविली होती. रोगाची अवस्था खाली उतरलेले रुग्ण पहिल्या गटात सुमारे १० टक्के, तर दुसऱ्या गटात २६ टक्के निघाले. येथे रसायनोपचार नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरी पुढे ६ ते ८ आठवड्यांचा प्रघात पडला, त्यामागे या चाचणीचा मोठा आधार होता.

यावरून जितके थांबावे तितके बरे, असे कोणी म्हणेल. फ्रान्समध्येच २६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, किरण-रसायनोपचारानंतर ७ व ११ आठवड्यांची तुलना झाली. काढलेल्या भागात कर्कपेशी मुळीच न उरलेले रुग्ण अनुक्रमे १५ व १७.४ टक्के होते. हा फरक नगण्य. उलट शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव ३२ टक्क्यांवरून ४४.५ टक्क्यांवर गेले. किरण लागलेल्या ऊतीत कालांतराने घट्ट तंतू तयार होतात, आणि अरुंद कटिभागात गुदाशयाभोवतीचे मेदाचे आवरण अखंड काढणे कठीण जाते. या आवरणाचे महत्त्व इंग्लंडचे शस्त्रवैद्य हील्ड यांनी १९८२ साली दाखवून दिले होते. तुर्कस्तानातील २०१८ सालच्या चाचणीत मात्र ८ आठवड्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत कर्कपेशी न उरण्याचे प्रमाण अधिक, १० ऐवजी १८.६ टक्के, आढळले. तेव्हा एकच आकडा सर्वांना लावता येत नाही. किरणांचा लाभ पदरात पडावा आणि तंतूंचा त्रास वाढू नये, या दोहोंमधील वेळ साधायची असते.

कधी या काळात गाठ पूर्णपणे नाहीशी होते. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली २६५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. उपचारानंतर ८ आठवड्यांनी तपासता त्यांपैकी ७१ जणांत गाठ आढळली नाही. त्यांच्यावर तत्काळ शस्त्रक्रिया न करता कडक देखरेख ठेवली गेली. पोटावर कायमची पिशवी लावण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते, त्यांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे !

मात्र देखरेख म्हणजे वारंवार बोटाने, दुर्बिणीने व एम.आर.आय.ने तपासणी, घरी निवांत बसणे नव्हे. किरणोपचारानंतर रक्त जाणे थांबते, भूक लागते, आणि रोग गेला असे वाटून पुढची तारीख चुकविण्याचा मोह होतो. धोका आहे तो येथे. आपल्या घरी वा शेजारी असा रुग्ण असेल तर थांबण्याचा अर्थ त्यास समजावून सांगा, आणि ठरल्या दिवशी त्याच्यासोबत इस्पितळात जा.