पत्रा कापण्याआधी आलेख पाहा

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मापांचा हिशेब बहुधा अंदाजाने होतो. अनुभवी कारागिराचा अंदाज मोलाचा खरा, पण पत्र्याचा भाव पाहता चुकलेला काप परवडत नाही. म्हणून या वेळी आम्ही एक उदाहरण घेत आहोत.

१२० सें.मी. चौरस पत्र्याचा वरून उघडा ट्रे करायचा आहे. चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे आणि कडा वर वळवायच्या. चौकोन केवढा कापावा? १० सें.मी. कापला तर ट्रेमध्ये १०० लिटर मावतात. ३० सें.मी. कापला तर १०८ लिटर, शिवाय चौथाई पत्रा भंगारात. २० सें.मी. कापला तर १२८ लिटर! पत्रा तोच, मजुरी तीच.

येथे बाजूचा सहावा हिस्सा कापावा, हा नियम पाठ करता येतो. पण पत्रा २४० बाय १२० सें.मी. असेल तर तो चालत नाही. २० सें.मी. कापल्यास ३२० लिटर मावतात, सुमारे २५.४ सें.मी. कापल्यास ३३२ लिटर.

असा काप शोधण्यासाठी सायलॅब हे संगणकाचे सॉफ्टवेअर आहे. सूत्र एकदा लिहायचे, की सर्व मापांचा आलेख टेकडीसारखा पडद्यावर उमटतो. माथ्यावर माऊसने टिचकी मारली की तेथील आकडा दिसतो. पत्र्याचे माप बदलले तर दोन आकडे बदलायचे, बस्स.

सायलॅब फ्रान्सच्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाले आणि १९९४ पासून मोफत मिळते. याच कामाचे मॅटलॅब मात्र विकत घ्यावे लागते. आपल्याकडे आय.आय.टी. मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅबचा प्रसार करतो. तेथीलच स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे पाठ मोफत ऐकता येतात.

एक सावधगिरी बाळगावी. संगणक सांगितले तेवढेच मोजतो. पत्र्याची जाडी, वळणात जाणारे माप आणि वेल्डिंगची जागा आपणच धरायची. पहिला नमुना टाकाऊ पत्र्यावर करून पाहावा.

घरातील मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय. वा डिप्लोमा शिकत असेल, तर या आठवड्याच्या ऑर्डरचे माप त्यांच्यापुढे ठेवा. पुस्तकातले गणित दुकानाच्या कामी येते, हे त्यांनाही कळेल आणि आपला पत्राही वाचेल.