टाके सुकले, पण आतून?

दिवाळीनंतर माझं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, तीन बारीक छिद्रं, आत जाळी. दुसऱ्या दिवशी घरी. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारा मी. मनातल्या मनात महिन्याभराची रजा टाकून मोकळा झालो. पुढचं सगळं ठेचा खात शिकलो.

१. पहिला व्यायाम अंथरुणातून उठण्याचा. पोटावर जोर देऊन सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन बसायचं. खोकला-शिंक आली की पोटावर उशी दाबायची.

२. कुंथू नका. चारचौघांत हे कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. कुंथताना पोटात दाब वाढतो, तसाच जसा वजन उचलताना. पाणी, पपई, रात्री इसबगोल.

३. कातडी फसवते. दहा दिवसांत वरचे व्रण सुकले, मला वाटलं झालं. पण जखमेला तीन आठवड्यांनी मूळच्या ताकदीच्या पाव हिश्शाच्या आसपासच बळ आलेलं असतं; तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि पूर्ण १०० कधीच नाही. जाळीही नुसतं ठिगळ नव्हे. तिच्या छिद्रांतून नवं मांस वाढून ती आत रुजावी लागते. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, एवढंच.

४. घरकामही व्यायामात धरा. पाचव्या आठवड्यात मी चार किलोमीटर चालू लागलो आणि अंगात वारं शिरलं. एका दुपारी पाण्याचा २० लिटरचा जार एकट्याने उचलून उलटा केला. जांघेत अशी चमक निघाली की तिथेच खाली बसलो. जाळी जागेवर होती, स्नायू मात्र दुखावला. तीन आठवडे पुन्हा मागे. "जिमला जाऊ नका म्हटलं, तर तुम्ही स्वयंपाकघरातच जिम काढलीत," बायको म्हणाली. भरलेल्या गॅस सिलिंडरकडे तर बघूही नका. आत १४.२ किलो गॅस, टाकीसकट तीसेक किलो भरतं ते.

५. दुखण्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी करा. चालताना अंग गरम असतं, काही कळत नाही. सकाळी ओढ वाढलेली असेल तर काल जास्त झालं. मग त्या दिवशी निम्मंच.

६. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा.

७. सूर्यनमस्कार माझ्या यादीत शेवटी आले. भुजंगासनात जांघ चांगलीच ताणली जाते. तीन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, तीनच घातले. पूर्वी पंचवीस घालायचो.

चौथ्या महिन्यात गडाच्या पायथ्याशी गेलो, अर्ध्या वाटेवर ताक प्यालो आणि खाली उतरलो. परवा माथ्यावर पोचलो. पूर्वी पाऊण तास लागायचा, आता सव्वा. पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही घेतलं. पाण्याचा जार अजून मुलगाच उचलतो.