परिसरानुरूप काँक्रीटची निवड : वाराणसीच्या संदर्भात एक अभ्यास

पावसाळा सरला आणि गंगेचे पाणी ओसरू लागले की वाराणसीच्या घाटांवर साचलेला गाळ पाण्याचे जोरदार फवारे मारून पुन्हा नदीत लोटला जातो. पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात. या शहरात नदीची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर मानली जाते आणि १९७८ च्या सप्टेंबरमधील महापुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. उन्हाळ्यातील नीचतम पातळी याहून दहा मीटरपेक्षाही अधिक खाली असते. म्हणजेच घाटावरील एखादी भिंत वर्षातील काही महिने पाण्याखाली, काही महिने ओलसर आणि उरलेला काळ पूर्वांचलच्या रणरणत्या उन्हात असते. या भिंतीसाठी कोणते काँक्रीट योग्य, हा प्रश्न वरवर पाहता केवळ स्थापत्य अभियंत्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक वित्ताचाही प्रश्न आहे.

जुन्या घाटांकडे पाहिले असता एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले, बायजाबाई शिंदे यांच्यासारख्या मराठी राजघराण्यांतील व्यक्तींनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत येथे जी बांधकामे केली, ती मुख्यतः चुनारच्या वालुकाश्मात आणि चुन्याच्या दर्जात झाली. त्यांत लोखंडी सळया नव्हत्या. १८३० च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट खचला हे खरे, पण तो स्वतःच्या अवजड भारामुळे आणि पायाखालच्या मातीमुळे. दगड कुजल्यामुळे नव्हे. लोखंड नाही, म्हणून गंज नाही. आधुनिक प्रबलित काँक्रीटचे बलस्थान पोलाद आहे आणि त्याचा शत्रूही त्याच पोलादाच्या वाटेने आत शिरतो.

गंज कसा लागतो, हे समजून घेतल्याशिवाय मानकांतील आकडे केवळ पाठांतराचा विषय ठरतात. ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्याच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२ ते १३ च्या दरम्यान असतो. या अल्कतेमुळे सळईवर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर तयार होतो आणि तोच तिचे रक्षण करतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून चुन्याशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. या क्रियेस कार्बोनेशन म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावर क्लोराइड क्षार हेच काम अधिक वेगाने करतात. संरक्षक थर एकदा नष्ट झाला की ओलावा आणि प्राणवायू मिळताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आतून दाब येतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात आणि पोपडे गळू लागतात.

येथे एक विरोधाभास आहे आणि परीक्षेत तो अनेकदा चकवतो. सतत पाण्याखाली राहणारे काँक्रीट हे सर्वाधिक धोक्यात असेल, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु पाण्याखाली प्राणवायूच पुरेसा पोहोचत नाही, त्यामुळे गंज मंदावतो. पूर्ण कोरड्या जागी ओलावा नसतो, म्हणून तेथेही तो मंदावतो. खरा धोका आळीपाळीने भिजणाऱ्या आणि सुकणाऱ्या पट्ट्यात असतो. कोरड्या महिन्यांत कार्बन डायऑक्साइड आत सरकतो आणि पावसाळ्यात गंजाला लागणारे पाणी मिळते. वाराणसीचे घाट, पुलांचे खांब आणि नदीकाठच्या भिंती नेमक्या याच पट्ट्यात येतात.

काँक्रीटसंबंधीचे मूलभूत भारतीय मानक म्हणजे आयएस ४५६. ते प्रथम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००० च्या सुधारित आवृत्तीत टिकाऊपणाला पूर्वीपेक्षा बरेच अधिक स्थान मिळाले. या आवृत्तीने परिसराच्या पाच श्रेणी मानल्या आहेत : सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि आत्यंतिक. हवामानापासून सुरक्षित असलेला घराचा अंतर्भाग सौम्य श्रेणीत मोडतो, मात्र किनारपट्टीवर नव्हे. पावसाला सामोरे जाणारे, सतत पाण्याखाली राहणारे किंवा निरुपद्रवी मातीत गाडलेले काँक्रीट मध्यम श्रेणीत येते. जोरदार पाऊस, आलटून-पालटून भिजणे-सुकणे, समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडून राहणे अथवा सागरी किनाऱ्याची हवा ही तीव्र श्रेणीची लक्षणे होत. समुद्राच्या पाण्याचे तुषार, क्षरणकारी वायू किंवा आक्रमक भूजल असल्यास अतितीव्र. आणि भरती-ओहोटीचा पट्टा किंवा आक्रमक रसायनांशी थेट संपर्क असल्यास आत्यंतिक. भिजलेल्या अवस्थेत गोठण्याचाही विचार मानकात आहे, पण तो लाहोल-स्पीतीसारख्या प्रदेशासाठी. वाराणसीच्या धुक्याच्या हिवाळ्यात त्याचे प्रयोजन नाही.

प्रत्येक श्रेणीसाठी प्रबलित काँक्रीटच्या किमान अटी ठरलेल्या आहेत. सौम्य परिस्थितीत प्रतिघनमीटर किमान ३०० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर कमाल ०.५५ आणि किमान दर्जा एम-२०. मध्यमसाठी ३०० किलो, ०.५० आणि एम-२५. तीव्रसाठी ३२० किलो, ०.४५ आणि एम-३०. अतितीव्रसाठी ३४० किलो, ०.४५ आणि एम-३५; तर आत्यंतिकसाठी ३६० किलो, ०.४० आणि एम-४०. एम या अक्षरापुढील आकडा म्हणजे १५० मिलिमीटर बाजूच्या घनाची २८ दिवसांनंतरची दाबसहनक्षमता, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. सळईवरील काँक्रीटचे किमान आवरण, ज्यास बांधकामावर कव्हर म्हणतात, ते याच क्रमाने २०, ३०, ४५, ५० आणि ७५ मिलिमीटर ठरविले आहे. सळईविरहित साध्या काँक्रीटच्या अटी बऱ्याच सौम्य आहेत. तीव्र परिस्थितीतही तेथे २५० किलो सिमेंट आणि एम-२० पुरते. जुन्या घाटांच्या टिकाऊपणाचे रहस्य या फरकात अप्रत्यक्षपणे दडलेले आहे.

हे आकडे जरा जवळून पाहणे अगत्याचे आहे. सौम्य आणि तीव्र या श्रेणींमधील सिमेंटच्या किमान प्रमाणातील फरक केवळ २० किलोचा, म्हणजे अर्ध्या पोत्याहूनही कमी आहे. पाण्याचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. ३०० किलोला ०.५५ ने गुणले तर १६५ लिटर. ३२० किलोला ०.४५ ने गुणले तर १४४ लिटर. म्हणजेच सिमेंट थोडे वाढते आणि पाणी घनमीटरमागे २१ लिटरने घटते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागते त्याहून जास्त असलेले पाणी कालांतराने उडून जाते आणि मागे सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे ठेवते. टिकाऊपणा विकत घ्यायचा तर तो सिमेंटच्या पोत्यापेक्षा पाण्याच्या बादलीवर नियंत्रण ठेवून स्वस्तात मिळतो. अर्थात कमी पाण्याचे मिश्रण घट्ट होते, ते साच्यात नीट बसावे म्हणून प्लास्टिसायझर आणि यांत्रिक कंपन यांची जोड द्यावी लागते. आणि एम-३० ची ताकद गाठण्यासाठी प्रत्यक्षात सिमेंट किमान प्रमाणापेक्षा जास्तही लागू शकते. हे किमान आकडे आहेत, पाककृती नव्हे.

कव्हरचे गणित तर अधिकच उद्बोधक आहे. कार्बोनेशनची खोली साधारणतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ, कव्हर दुप्पट केले तर गॅस सळईपर्यंत पोहोचण्यास चौपट काळ लागतो. हेच उलटेही खरे आहे. समजा ३० मिलिमीटर कव्हर ओलांडण्यास ५० वर्षे लागणार होती. सेंट्रिंगवर कव्हरचे ठोकळे न ठेवता सळ्या खाली बसल्या आणि कव्हर २० मिलिमीटरच उरले, तर तो काळ ५० वर्षांच्या चार नवमांशांवर, म्हणजे सुमारे २२ वर्षांवर येतो. एक सेंटिमीटरची हयगय, आणि २८ वर्षांचे नुकसान.

आता अर्थशास्त्राकडे वळू. २२ वर्षांनंतर येणारा एक लाख रुपयांचा दुरुस्तीखर्च आठ टक्के सवलत-दराने आजच्या मूल्यात आणला तर तो सुमारे १८,४०० रुपये भरतो. चार टक्के दराने तोच सुमारे ४२,२०० रुपये होतो. दर कोणता धरावा, यावर टिकाऊ काँक्रीट परवडते की नाही हे ठरते. खासगी विकासक स्वाभाविकच उच्च दर धरतो, कारण दुरुस्ती त्याच्या खिशातून होणार नसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेला संरचनात्मक दोष त्याने विनामूल्य दूर करावयाचा असतो. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु गंजाचा दोष पाच वर्षांत क्वचितच दिसतो. तो दिसू लागेपर्यंत इमारत गृहनिर्माण संस्थेच्या माथी आलेली असते. डी सिटर यांनी १९८४ मध्ये मांडलेला पाचाचा नियम येथे अनेकदा उद्धृत होतो : आराखडा आणि बांधकामाच्या टप्प्यावर टाळलेल्या एका रुपयाच्या खर्चाची जागा पुढे देखभालीत पाच, दुरुस्तीत पंचवीस आणि पुनर्वसनात सव्वाशे रुपये घेतात. हा नियम अचूक मापनाचा नसून ढोबळ आहे, तरी दिशा बरोबर दाखवितो.

माहितीच्या विषमतेचा मुद्दाही याच संदर्भात येतो. सिमेंट हे सक्तीच्या प्रमाणीकरणाखालील उत्पादन आहे. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार आयएसआय चिन्हाशिवाय त्याची विक्री करता येत नाही. मात्र त्याच पोत्यात मिस्त्री किती पाणी ओततो, यावर कोणतेही चिन्ह लागत नाही. त्यातही मानक असे सांगते की ठोकळ प्रमाणाचे काँक्रीट एम-२० पर्यंतच वापरावे. पावसाला सामोरा जाणारा स्लॅब मध्यम श्रेणीत मोडतो, त्यास एम-२५ हवे, म्हणजे रीतसर मिश्रण-आराखडा हवा. ग्रामीण भागातील लहान घरे आजही घमेल्याच्या मापाने बांधली जातात. आवास योजनांच्या लाभार्थ्याला दिलेल्या अनुदानाचे आयुष्य किती, हे बऱ्याच अंशी या घमेल्यावर अवलंबून असते, ही बाब धोरणविषयक चर्चेत फारशी येत नाही.

परिसर चुकीचा ओळखला की काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. पणजीजवळील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो बांधून जेमतेम दीड दशक झाले होते. पूर्वप्रतिबलित काँक्रीटमधील पोलादी तारांना खाऱ्या हवेत लागलेला गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. वाराणसीत मात्र १८८७ मध्ये खुला झालेला डफरिन पूल, १९४८ पासूनचा मालवीय पूल, आजही उभा आहे. दोहोंची सरळ तुलना करणे अन्यायाचे ठरेल. एक काँक्रीटचा, दुसरा पोलादी सांगाड्याचा आणि शेकडो किलोमीटर अंतर्भागात. पण नेमका हाच धडा आहे : गंगेकाठी हवेत मीठ नाही, ही वाराणसीची मोठी सवलत आहे. तिथे क्लोराइड आलेच तर वाळू, मिश्रणाचे पाणी किंवा रसायने यांतून येतील, आणि ते तपासून टाळता येतात.

वाराणसीचा खरा आत्यंतिक परिसर नदीत नसून जमिनीखाली आहे. सांडपाण्यातील सल्फेटपासून जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात; हा वायू गटाराच्या छताशी साचतो आणि तेथील दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात. त्यामुळे नलिकेचा तळ शाबूत आणि छत पोखरलेले, असे चित्र दिसते. मुघलकालीन विटांचा शाही नाला ज्या शहरात अद्याप वापरात राहिला, तेथे २०१८ मध्ये दीनापूर येथे दररोज १४ कोटी लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. अशा केंद्राच्या टाक्या आणि त्यांकडे येणाऱ्या नलिकांसाठी एम-२० चा विचारही करता येत नाही. संरक्षक अस्तरच लावावे लागते.

दर्जा वाढवीत जाणे हा मात्र सर्व प्रश्नांवरील उपाय नव्हे. जगातील कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे सात ते आठ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे आणि सिमेंट उत्पादनात भारताचा क्रमांक चीनखालोखाल लागतो. खोलीच्या आतील भिंतीसाठी एम-४० वापरणे ही उधळपट्टीच. येथे वाराणसीला भूगोलाची साथ आहे. सोनभद्र जिल्ह्यातील अनपरा, ओबरा, रिहंद येथील औष्णिक केंद्रांची राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट काँक्रीटची पारगम्यता कमी करते आणि सल्फेटलाही बऱ्यापैकी तोंड देते. त्याची एक अट आहे. ते सावकाश पक्व होते. मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत दहा दिवस पाणी मारावे लागते. मिश्र सिमेंटसाठी हा कालावधी चौदा दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकत असताना चौथ्या दिवशी पाणी थांबवणारा कंत्राटदार महागातल्या मिश्रणाचेही मातेरे करतो.

सरकारी कामांत सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या प्रथेवर याच कारणासाठी टीका होत आली. केंद्रीय वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांमध्ये गुणवत्ता महत्त्वाची असलेल्या कामांत दरासोबत गुणवत्तेलाही, तीस टक्क्यांच्या मर्यादेत, भारांक देण्यास परवानगी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाराणसी ते पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन या मार्गाच्या विस्तारास २,६४२ कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. त्यात गंगेवरील नवा रेल्वे-रस्ता पूल अंतर्भूत आहे, खाली चार लोहमार्ग आणि वर सहा पदरी महामार्ग असलेला. या पुलाच्या एकाच खांबाचे तीन भाग पाडता येतील. नीचतम पातळीखालचा भाग कायम पाण्यात, म्हणून मध्यम. त्याच्या वरचा आणि पुराच्या पातळीपर्यंतचा पट्टा तीव्र. त्याहून वरचा भाग पावसाच्या माऱ्यानुसार मध्यम अथवा तीव्र. बांधकामाच्या सोयीसाठी संपूर्ण खांब एकाच दर्जाने ओतला जातो, आणि तो दर्जा मधल्या पट्ट्यावरून ठरतो.