मूत्रपिंडाची नळी निसटली तर

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे पारशिवनीजवळच्या खेड्यातील एका गृहस्थांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. मुतखड्याने मूत्रवाहिनी बंद झाल्यामुळे दहा दिवसांपूर्वी नागपूरला त्यांच्या पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी बसवली होती. आदल्या दुपारी बाजेवरून उठताना ती दोरीत अडकली आणि बाहेर आली. फारसे दुखले नाही, रक्तही आले नाही. घरच्यांनी भोकावर हळद दाबली आणि 'उद्या पाहू' म्हटले. रात्री हुडहुडी भरून ताप आला.

मूत्राशयातील कॅथेटर पुष्कळांना माहीत असते. ही नळी वेगळी. मुतखडा किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मूत्रवाहिनी दबली, की वर तुंबलेल्या लघवीला पाठीतून वाट करून देतात. सोनोग्राफीवर पाहत सुई घालून ही नळी बसवली जाते.

नळी निघाली की ही वाट मिटू लागते; ती नवी असेल तर काही तासांतच. लवकर पोहोचल्यास, विशेषतः वाट जुनी असेल तर, बहुधा त्याच वाटेने दुसरी नळी घालता येते. उशीर झाला तर पुन्हा सुई टोचणे आले. तोवर तुंबलेल्या लघवीतील जंतू रक्तात शिरतात, रक्तदाब घसरतो, जीवावर बेतते. एकच मूत्रपिंड चालू असेल तर लघवीच थांबते.

तेव्हा निघालेली नळी स्वतः आत सारू नका. भोकावर स्वच्छ गॉज ठेवून पट्टी लावा, नळी सोबत घ्या आणि जिथे बसवली तिथे त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिथे सांगा. माझ्यासारख्या डॉक्टरला ही नळी पुन्हा घालता येत नाही. सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन पुढे पाठवणे एवढेच हाती असते.

पुरती निघालेली नळी दिसते तरी. अर्धी निसटलेली फसवते. पिशवीत लघवी कमी येऊ लागली, पट्टी ओली राहिली, कंबर दुखू लागली किंवा बाहेरची नळी लांब दिसली तर तपासून घ्या. माप कळावे म्हणून कातडीजवळ नळीवर पेनाने खूण करून ठेवावी.

त्या गृहस्थांना पुन्हा टोचून घ्यावे लागले आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. आता उठण्याआधी ते पिशवी हातात घेतात, चालताना ती मांडीला बांधतात, आणि बाजेऐवजी सतरंजीवर निजतात.